राष्ट्रपतींची निवडणूक मुलांना कशी शिकवावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या शाळांमधले शिक्षक, सुट्टीतली शिबिरं घेणारे ताई-दादा आणि घरी मुलांच्या प्रश्नांना तोंड देणारे पालक यांच्यासाठी हे पान आहे. धड्यातली व्याख्या पाठ करून ही निवडणूक कळत नाही. मुलांनी मतं हातात घेऊन स्वतः मोजली की कळते. म्हणून इथली बरीच जागा मोजणीला दिली आहे.

कोणत्या इयत्तेपासून शिकवता येईल?

तिसरी-चौथीत फक्त पसंतीक्रम शिकवा, म्हणजे १, २, ३ लिहून मत देणं. पाचवी ते सातवीत मतमूल्याची, म्हणजे प्रत्येक मताच्या वजनाची, कल्पना द्या, पण आकडे तयार द्या. भागाकार करून मतमूल्य काढणं आठवी-नववीत जमतं. चौथीच्या मुलांवर संविधानातली या निवडणुकीची कलमं, ५४ आणि ५५, लादू नका. तिथे मूल आकड्यांना घाबरतं आणि मग पुढे त्या विषयाच्या वाटेलाच जात नाही.

"बाई, माझ्या आई-बाबांनी राष्ट्रपतींना मत का नाही दिलं?"

हा प्रश्न हमखास येतो, आणि पहिला तास त्यावरच घालवावा. उत्तर टप्प्याटप्प्यानं द्या. कोथरूडमध्ये राहणाऱ्या आईनं विधानसभेच्या वेळी कोथरूडचा आमदार निवडायला मत दिलं आणि लोकसभेच्या वेळी पुण्याचा खासदार निवडायला. हे आमदार आणि खासदार राष्ट्रपती निवडतात. पुण्याचे महापौरही असेच ठरतात: आपण नगरसेवक निवडतो आणि नगरसेवक महापौर निवडतात. मुलांना महापौर हा शब्द ओळखीचा असतो, त्यामुळे तिथून सुरुवात केली की अप्रत्यक्ष निवडणूक लगेच समजते.

पुढचा प्रश्न येतो, "मग थेट का नाही?" संविधान सभेत थेट निवडणुकीची मागणी झाली होती. पण आपल्याकडे कारभार चालवतं ते पंतप्रधान आणि मंत्रिमंडळ. राष्ट्रपती देशाचे प्रमुख असले तरी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं काम करतात. साऱ्या देशानं थेट निवडलेला राष्ट्रपती आणि लोकसभेत बहुमत असलेला पंतप्रधान अशी दोन सत्ताकेंद्रं समोरासमोर उभी राहू नयेत, हा त्यामागचा विचार होता. सातवीच्या पुढची मुलं यावर छान वाद घालतात. घालू द्या.

नेमकं मत कोणाला असतं?

लोकसभा आणि राज्यसभेचे निवडून आलेले सदस्य, सर्व राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य, आणि दिल्ली व पुदुच्चेरीच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य. शेवटच्या दोन ठिकाणांना हा हक्क १९९२च्या सत्तराव्या घटनादुरुस्तीनं मिळाला.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, राज्यसभेतल्या नामनिर्देशित सदस्यांना मत आहे असं समजणं, ते नसतं. दुसरी चूक खास महाराष्ट्रातली: आपल्याकडे विधान परिषदही आहे, म्हणून मुलं तिचेही ७८ सदस्य मोजतात. विधान परिषदेचे आमदार या निवडणुकीत मत देत नाहीत. मत असतं ते विधानसभेच्या २८८ जणांना. त्यातले २१ पुणे जिल्ह्यातले. ते सगळे मुंबईला विधानभवनात जाऊन मत देतात.

मतमूल्य म्हणजे काय, आणि ते कसं काढायचं?

सगळ्यात जास्त मुलं इथे अडतात, कारण "एक माणूस, एक मत" हे त्यांनी आधी शिकलेलं असतं. आधी कारण सांगा, मग गणित. उत्तर प्रदेशातला आमदार सिक्कीमच्या आमदारापेक्षा कितीतरी जास्त लोकांच्या वतीनं मत देत असतो. म्हणून त्याच्या मताचं वजन जास्त.

आता गणित. राज्याची १९७१च्या जनगणनेतली लोकसंख्या घ्या, निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येनं भागा, आलेल्या उत्तराला १,०००नं भागा. बाकी ५०० किंवा जास्त उरली तर एक वाढवा, नाहीतर सोडून द्या.

महाराष्ट्राचं फळ्यावर करून दाखवा. १९७१ची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. भागिले २८८ म्हणजे १,७५,०४२. त्याला हजारानं भागलं की १७५ आणि बाकी ४२. बाकी ५००पेक्षा कमी, म्हणून मतमूल्य १७५. लगेच सिक्कीमचं मुलांकडून करून घ्या: २,०९,८४३ भागिले ३२ म्हणजे ६,५५७. हजारानं भागल्यावर ६ आणि बाकी ५५७, म्हणून ७. बाकीचा नियम कळण्यासाठी ही दोन्ही उदाहरणं शेजारी शेजारी हवीत. नुसत्या महाराष्ट्रावर थांबलात तर तो कळत नाही. ज्यांचं आधी झालं त्यांना गोवा द्या: ७,९५,१२० आणि ४० आमदार. उत्तर २० यायला हवं. उत्तर प्रदेशच्या आमदाराचं मतमूल्य २०८, देशात सर्वाधिक.

खासदाराचं मतमूल्य काढायला सगळ्या आमदारांची मतमूल्यं एकत्र करायची आणि निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येनं भागायचं. २०२२ला ५,४३,२३१ भागिले ७७६, म्हणजे ७००. २०१७ला हाच आकडा ७०८ होता. फरक पडला कारण २०२२ला जम्मू-काश्मीरची विधानसभा अस्तित्वात नव्हती, त्यामुळे तिथली ६,२६४ मतमूल्यं बेरजेत आली नाहीत. खासदारांचं एकूण वजन आणि आमदारांचं एकूण वजन जवळजवळ समान ठेवणं हाच या भागाकाराचा हेतू आहे. तो सांगितल्याशिवाय ७०० हा आकडा मुलांना आभाळातून पडल्यासारखा वाटतो.

पुण्याच्या मुलांसाठी एक छोटं गणित: जिल्ह्यातल्या २१ आमदारांचं मिळून मतमूल्य किती? २१ गुणिले १७५, म्हणजे ३,६७५.

आजची लोकसंख्या सोडून १९७१ची का?

ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन नीट राबवलं त्यांचं वजन त्यामुळे घटू नये म्हणून. १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं आकडे गोठवले आणि २००१च्या चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीनं ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढवली.

वर्गात ही निवडणूक घ्यायला काय काय लागतं?

चाळीस मुलांचा वर्ग धरू. दोन तास लागतात: पहिल्यात मतमूल्य आणि अर्ज, दुसऱ्यात मतदान आणि मोजणी.

साहित्य फार नाही. हिरवा आणि गुलाबी कागद, बुटांचा एक खोका (वर पोस्टकार्ड जाईल एवढी फट), जांभळ्या शाईचं एकच पेन आणि फळा. कागद अप्पा बळवंत चौकात कुठेही मिळतो. रंग मनानं बदलू नका. खऱ्या निवडणुकीत खासदारांची मतपत्रिका हिरवी आणि आमदारांची गुलाबी असते, आणि निवडणूक आयोगानं दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनानंच लिहावं लागतं. स्वतःच्या पेनानं लिहिलं तर मत बाद. वर्गातही तेच पेन दोरीनं बाकाला बांधून ठेवा.

मुलांची वाटणी अशी: ३ उमेदवारांचे प्रतिनिधी, ३ निवडणूक अधिकारी, १० खासदार आणि २४ आमदार. आमदारांची चार राज्यं करा. नद्यांची नावं चांगली चालतात: मुठा (१० आमदार, लोकसंख्या १,०००), मुळा (७ आमदार, ५७०), पवना (४ आमदार, १८४), इंद्रायणी (३ आमदार, ६०). सूत्र तेच, फक्त हजाराऐवजी दहानं भागायचं आणि बाकी ५ किंवा जास्त असेल तर एक वाढवायचा. मतमूल्यं येतात १०, ८, ५ आणि २. पवनाच्या बाबतीत बाकी ६ उरते, तिथे मुलं अडखळतात. ते मुद्दाम ठेवलेलं आहे. चारही राज्यांची बेरीज १०० + ५६ + २० + ६ = १८२. दहा खासदारांनी भागल्यावर प्रत्येकी १८. एकूण वजन ३६२.

मतपत्रिकेवर दोनच रकाने आखा: डावीकडे उमेदवाराचं नाव, उजवीकडे पसंतीक्रम. चिन्ह नको, खऱ्या मतपत्रिकेवरही नसतं. प्रत्येक पत्रिकेच्या मागे मतमूल्य आधीच पेन्सिलीनं लिहून ठेवा. हे विसरलात तर मोजणीच्या वेळी कोणती गुलाबी पत्रिका कोणत्या राज्याची, हे कळायला काही मार्ग उरत नाही आणि सगळं परत करावं लागतं.

उमेदवार कोण असावेत?

खरे नेते आणि खरे पक्ष नकोत. मुलं घरचं राजकारण वर्गात आणतात आणि मोजणीकडे कोणाचं लक्ष राहत नाही. वर्गातली मुलंही उमेदवार नकोत. मैत्री आणि रुसवे मध्ये येतात, आणि कमी मतं पडलेलं मूल ते वर्षभर विसरत नाही. "वर्गाचा पक्षी" निवडा: खंड्या, हळद्या आणि तांबट. तिन्ही पुण्यात दिसतात, आणि प्रतिनिधींना दोन मिनिटांचं भाषण करायला पुरेसा मालमसाला मिळतो.

अर्ज भरण्याचा टप्पा गाळला तर चालेल का?

वेळ कमी असेल तर चालेल, पण ठेवलात तर चांगलं. खऱ्या उमेदवाराला मतदारांपैकी ५० सूचक, ५० अनुमोदक आणि १५,००० रुपये अनामत लागते. एका मतदाराला एकाच उमेदवाराच्या अर्जावर सही करता येते. वर्गात ३ सूचक आणि ३ अनुमोदक ठेवा आणि एकाच सहीची अट कडक पाळा. दोन अर्जांवर सही केलेलं मूल निघतंच, आणि अर्ज तपासणी कशासाठी असते हे तिथे सगळ्यांना दिसतं. १९७७ला ३७ जणांनी अर्ज भरले होते, पण छाननीत नीलम संजीव रेड्डींचा एकच टिकला आणि ते बिनविरोध राष्ट्रपती झाले.

पसंतीक्रम कसा समजवायचा?

"तुझी पहिली निवड बाद झाली, तर तुझं मत कोणाला द्यायचं?" एवढं एकच वाक्य पुरतं. दुसरी पसंती म्हणजे अर्धं मत नाही, आणि ती पहिल्या पसंतीच्या सोबत मोजली जात नाही. पहिला उमेदवार स्पर्धेत असेपर्यंत दुसऱ्या पसंतीकडे कोणी बघतही नाही. ती लिहिणं बंधनकारक नाही. १ लिहिणं मात्र हवंच.

कोणतं मत बाद धरायचं?

१ लिहिलेला नाही. दोघांसमोर १ लिहिला. एकाच नावासमोर १ आणि दुसराही आकडा लिहिला. सही, नाव किंवा मत कोणाचं हे ओळखता येईल अशी खूण केली. आकडा देवनागरी, रोमन किंवा इंग्रजी पद्धतीचा चालतो, पण "एक" असं अक्षरात लिहिलेलं चालत नाही. लहान मुलं बरोबरची खूण करतात, हसरा चेहरा काढतात, नाहीतर परीक्षेसारखे दहापैकी गुण देतात. दया दाखवू नका, बाद करा आणि कारण फळ्यावर लिहा. २०२२ला आमदार-खासदार मिळून ५३ मतं बाद झाली होती, हे सांगितलं की बाद झालेल्या मुलाचं तोंड जरा फुलतं.

मोजणी नेमकी कशी करायची?

आधी बाद मतं बाजूला. मग पहिल्या पसंतीप्रमाणे तीन गठ्ठे. प्रत्येक गठ्ठ्यातल्या पत्रिकांच्या मागचे आकडे बेरजेला घ्या. एक अधिकारी आकडा मोठ्यानं वाचतो, दुसरा फळ्यावर लिहितो, तिसरा पत्रिका दाखवतो. गठ्ठे एकाच्याच हातात दिले तर गोंधळ होतो आणि आरोपही होतात.

सरावासाठी हा निकाल तयार ठेवा. एकही मत बाद नाही असं धरलं आहे.

खंड्या: ५ खासदार, मुठाचे ५, मुळाचा १, पवनाचा १. मतमूल्य ९० + ५० + ८ + ५ = १५३.
हळद्या: ३ खासदार, मुठाचे ३, मुळाचे ५, पवनाचे २, इंद्रायणीचे तिन्ही. ५४ + ३० + ४० + १० + ६ = १४०.
तांबट: २ खासदार, मुठाचे २, मुळाचा १, पवनाचा १. ३६ + २० + ८ + ५ = ६९.

इथे थांबा. मुलांना डोकी मोजायला सांगा. हळद्याला १६ जणांनी मत दिलं, खंड्याला १२ जणांनी, तरी खंड्या पुढे आहे. मतमूल्य म्हणजे काय हे वर्गाला इथे कळतं, म्हणून पुढे जायची घाई करू नका. "हे अन्यायाचं आहे" असं कोणीतरी म्हणेल. त्याला खासदार किती लोकांच्या वतीनं बोलतो, हे इतर मुलांना समजावू द्या.

जिंकायला वैध मतांच्या एकूण मूल्याच्या निम्म्यापेक्षा एक जास्त लागतं: ३६२ भागिले २ अधिक १, म्हणजे १८२. यालाच कोटा म्हणतात. कोणीच तिथे पोचलेलं नाही. सर्वांत कमी तांबटाला, म्हणून तो बाद. त्याच्या सहा पत्रिकांवरची दुसरी पसंती बघा. एका खासदाराची हळद्याला (१८), दुसऱ्याची खंड्याला (१८), मुठाच्या दोघांची हळद्याला (२०), मुळाच्या एकाची हळद्याला (८). पवनाच्या आमदारानं दुसरी पसंती लिहिलेलीच नाही, त्याची ५ कोणाकडेच जात नाहीत. शेवटी हळद्या १८६, खंड्या १७१. हळद्या निवडून आला.

बेरीज तपासून घ्या: १८६ + १७१ + ५ = ३६२. ताळा जुळला नाही तर बहुतेक वेळा दुसऱ्या पसंतीची पत्रिका हलवताना तिच्या मागचा आकडा सोडून फक्त १ धरलेला असतो.

कोटा एकूण मतांवर धरायचा की पडलेल्या मतांवर?

पडलेल्या वैध मतांवर. मतं बाद झाली तर कोटाही खाली येतो, म्हणून तो मोजणीच्या आधी फळ्यावर लिहून ठेवू नका. २०२२ला एकूण मतमूल्य १०,८६,४३१ होतं, वैध मतांचं १०,५६,९८०, आणि कोटा ५,२८,४९१. द्रौपदी मुर्मूंना ६,७६,८०३ आणि यशवंत सिन्हांना ३,८०,१७७ मिळाली, त्यामुळे दुसऱ्या पसंतीपर्यंत जावंच लागलं नाही.

दुसऱ्या पसंतीनं निकाल लागल्याचं खरं उदाहरण आहे का?

आहे, १९६९चं, आणि मराठी मुलांना ते जवळचं वाटावं. डॉ. झाकिर हुसेन यांचं पदावर असताना निधन झालं. पुढच्या निवडणुकीत व्ही. व्ही. गिरी, नीलम संजीव रेड्डी आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे प्रमुख उमेदवार होते. पहिल्या फेरीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. कोटा होता ४,१८,१६९. कोणीच पोचलं नाही. देशमुख आणि इतर उमेदवार बाद झाल्यावर त्यांच्या मतांतली ९१,८७९ रेड्डींकडे गेली आणि गिरींकडे फक्त १८,५६२. तरीही गिरी ४,२०,०७७वर पोचले आणि निवडून आले. रेड्डी ४,०५,४२७वर थांबले. आठवी-नववीच्या मुलांना पहिल्या फेरीचे आकडे आणि कोटा द्या, आणि गिरींना जिंकायला आणखी किती हवी होती ते काढायला सांगा. उत्तर १६,६५४.

मतदान यंत्र, नोटा, व्हिप यांचं काय?

तिन्ही नाहीत. आपलं नेहमीचं यंत्र एकेका बटणाची मतं मोजतं. पसंतीक्रमासाठी कागदच लागतो. नोटाचा, म्हणजे "यांपैकी कोणीही नाही" असा, पर्याय नसतो. पक्षांना व्हिप, म्हणजे अमक्यालाच मत द्या असा आदेश, काढता येत नाही, आणि मत गुप्त असतं.

मुलांना यात सर्वांत काय आवडतं?

मतपेटीचा विमानप्रवास. राज्यांतल्या मतपेट्या मोजणीसाठी दिल्लीला जातात. २०२२ला पेटीसाठी विमानात वेगळं तिकीट काढलं होतं, "मिस्टर बॅलट बॉक्स" या नावानं, आणि शेजारच्या जागेवर तिला सांभाळणारे अधिकारी. वर्गातल्या खोक्यालाही एक खुर्ची आणि एक पहारेकरी द्या. मधल्या सुट्टीत खोका बेवारस राहिला तर मुलं मोजणीवर विश्वास ठेवत नाहीत, आणि त्यांचं बरोबर असतं.

अमेरिकेच्या निवडणुकीशी घोळ होतो, तो कसा सोडवावा?

मोठी मुलं ५३८ आणि २७० हे आकडे ऐकून येतात. तिथे लोक नोव्हेंबरमध्ये मत देतात आणि त्यातून खास या कामापुरते ५३८ प्रतिनिधी ठरतात; २७० म्हणजे त्यांतलं बहुमत. मेन आणि नेब्रास्का सोडून इतर राज्यांत जास्त मतं मिळवणाऱ्याला त्या राज्याचे सगळे प्रतिनिधी मिळतात. आपल्याकडे मतदार आधीच निवडून आलेले आमदार-खासदार असतात आणि प्रत्येकाचं मत स्वतंत्र मोजलं जातं. मुख्य फरक पदाचा: तिथला राष्ट्राध्यक्ष स्वतः सरकार चालवतो. हे दोन्ही विषय एकाच तासात घेऊ नका.

आमच्याकडे एकच तास आहे. काय गाळू?

अर्ज आणि भागाकार गाळा. मतमूल्यं तयार द्या, मतदान आटोपशीर करा, पण मोजणीला निदान वीस मिनिटं राखून ठेवा.

खरी निवडणूक पुढे कधी, आणि तेव्हा वर्गात काय करावं?

द्रौपदी मुर्मू यांनी २५ जुलै २०२२ला शपथ घेतली. कार्यकाळ पाच वर्षांचा, म्हणून तो २४ जुलै २०२७ला संपतो आणि निवडणूक त्याआधी पूर्ण करावी लागते. अधिसूचना मुदत संपण्याच्या आधीच्या साठ दिवसांत निघते, म्हणजे आपल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात त्याच सुमारास ही धामधूम सुरू असेल. भिंतीवर एक मोठा कागद लावा आणि पाच रकाने आखा: राज्य, आमदारांची संख्या, मतमूल्य, एकूण मूल्य, आणि शेवटचा रकाना मोजणीच्या दिवसासाठी रिकामा. पहिले चार मुलांनी आधीच भरायचे. महाराष्ट्राची ओळ २८८, १७५ आणि ५०,४०० अशी येते. पण त्याआधी १९७१चेच आकडे अजून लागू आहेत ना, हे निवडणूक आयोगाच्या पत्रकात बघून घ्या.